आयर्लंड दौऱ्यातून शिकण्यासारखं: गाय नंतर, चाऱ्याचा हिशोब आधी



आयर्लंडच्या अभ्यास दौऱ्याचे फोटो ग्रुपवर आल्यापासून बऱ्याच सभासदांनी एकच विचारलं, तिकडची गाय दूध किती देते? सरासरी वर्षाला साडेपाच हजार लिटरच्या आसपास. यापेक्षा जास्त दूध काढणारे देश आहेत. तरी आयर्लंडचं लोणी आणि चीज जगभर विकलं जातं, कारण त्यांचा चाऱ्यावरचा खर्च कमी आहे. तो कसा, ते बघा.

*१) गवताप्रमाणे वेत*
तिथं बारा महिने पाऊस आणि हवा थंड. बहुतेक गाई फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वितात. त्यामुळे गवत भरात येतं तेव्हाच दूधही भरात येतं. हिवाळ्यात गवत वाढायचं थांबतं, तेव्हा बहुतेक गाई आटवलेल्या असतात. गाई आत बांधून मुरघासावर ठेवतात. स्वस्त चारा असतो तेव्हाच जास्त दूध, असं हे गणित आहे.

*२) गवत मोजून चारतात*
कुरणाचे कुंपण घालून तुकडे केलेले असतात. एका तुकड्यात एक-दोन दिवस, गवत ४ सेंटीमीटरवर आलं की गाई पुढच्या तुकड्यात. हंगामात साधारण तीन आठवड्यांनी परत पहिल्या तुकड्याची पाळी. चांगला शेतकरी दर आठवड्याला सगळी कुरणं फिरून गवताची उंची मोजतो आणि मोबाईलवर नोंदवतो. त्यासाठी टीगास्क या सरकारी कृषी संस्थेने 'पाश्चरबेस' नावाची सोय केली आहे. पुढच्या आठवड्यात चारा कमी पडणार की उरणार, हे त्याला आधीच कळतं.

*३) तरीही चारा संपला होता*
एवढ्या हिरव्या देशात २०१३ आणि २०१८ मध्ये थंडी लांबली, गवत वाढेना आणि साठवलेला चारा संपला. बाहेरच्या देशांतून जहाजाने चारा आणावा लागला. म्हणून तिथले सल्लागार सांगतात, हिवाळ्याचा हिशोब उन्हाळ्यातच करा. खड्डा मोजा, गाई मोजा. कमी पडत असेल तर हातात वेळ आहे तोवर सोय करा.

*आता आपलं गणित*
आपल्याकडे तसं कुरण नाही, त्यामुळे त्यांची चराई आपल्याला जमणार नाही. हिशोब मात्र जमेल. त्यांचा अडचणीचा काळ हिवाळा, आपला मार्च ते जून. त्या वेळी मिळेल त्या भावाने वाढे आणि कडबा घ्यावा लागतो आणि दुधाचा पैसा तिथंच जातो.

एका दुभत्या गाईला रोज १५ किलो मुरघास, १०० दिवस = १,५०० किलो.
खराबा १० टक्के धरून = १,६५० किलो.
५ गाईंना = ८,२५० किलो.
कडबा आणि खुराक याशिवाय, नेहमीप्रमाणे.

चांगला आलेला आफ्रिकन टॉल मका एकरी १५ ते २० टन हिरवा चारा देतो. म्हणजे ५ गाईंसाठी साधारण अर्धा एकर, उत्पादन कमी आलं तर त्याहून थोडा जास्त मका लागेल.

खड्डा किती? चांगल्या दाबलेल्या मुरघासाचं वजन घनफुटाला १५ किलो धरा. १४ फूट लांब, ८ फूट रुंद, ५ फूट उंच = ५६० घनफूट = ८,४०० किलो. ५ गाईंचं भागलं.

*काय करायचं*
✅ मका दाणा चिकात आल्यावर कापा. फार कोवळा कापला तर पाणी सुटतं, फार वाळला तर नीट दाबला जात नाही आणि बुरशी येते.
✅ कुट्टी बारीक करा, थरावर थर दाबा, कागद हवाबंद करा. किमान ४५ दिवस उघडू नका.
✅ कालवडी आणि भाकड गाईंचा चाराही वेगळा धरा. हिशोबात त्या विसरल्या की शेवटचा महिना कोरडा जातो.
✅ नवीन गाय घ्यायचा विचार असेल तर आधी तिच्या १,६५० किलोची सोय लिहा. चारा नसताना कर्जाने आणलेली गाय दूध कमी देते, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

रविवारपर्यंत याच नंबरवर एवढंच पाठवा: दुभत्या गाई किती, भाकड व कालवडी किती, मका किती गुंठे. ज्यांचा चारा कमी पडतोय त्यांच्याशी मी स्वतः फोनवर बोलतो. अजून पेरणीला वेळ आहे, तोवर मार्ग निघेल.

आपला कृषी सल्लागार