घर बांधण्याआधी

अंगरखा अंगाच्या मापाने शिवतात. घराचे माप कशाने घ्यावे? गावच्या पावसाने आणि उन्हाने.

रत्नागिरीस वर्षाला ३००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. म्हणून तिकडे जोते उंच, कौलारू छप्पर उतरते. छप्पर पुढे काढलेले, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात.

सोलापुरास पाऊस ८०० मिलिमीटरांहूनही कमी. पण मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. तिकडच्या जुन्या धाब्याच्या घरांना मातीच्या जाड भिंती. ऊन आत पोचेपर्यंत दिवस सरतो.

आता गावोगाव पत्रा आला. दुपारी तो तापतो. घरातले म्हातारे माणूस, तान्हे मूल होरपळते. जोते बुटके राहिले, तर ओल भिंतीत चढते. कणगीतले धान्य बुरसते.

मग काय करावे? तहसील कचेरीत पावसाची नोंद असते. दहा वर्षांचे आकडे विचारावेत. नुसत्या सरासरीवर विसंबू नये, बरे का! भिंत खचते ती सरासरीने नव्हे, एका रात्रीच्या मुसळधार पावसाने. म्हणून सर्वांत जास्त पावसाचा दिवस बघावा.

आमचे सांगणे एवढेच. आता तुम्हांला वाचता येते. आधी आकडे वाचा, मग गवंड्याला बोलवा.