घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरसची निवड

संगणक आता केवळ बँका आणि मोठ्या कचेऱ्यांची वस्तू राहिलेला नाही. नांदेड आणि लातूर येथे नोकरदारांच्या घरांत आणि शिकवणीसाठी खेड्यांतून येऊन राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतही तो दिसतो. त्यात गुणपत्रिकांच्या, जातीच्या दाखल्याच्या व वैधता प्रमाणपत्राच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात, शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे असतात, घरच्या मंगलकार्याची छायाचित्रे असतात. मूळ दाखला गावी पेटीत आणि महाडीबीटीवर अर्ज भरण्याची मुदत आज रात्री संपणार, अशा वेळी संगणकातील फाईल उघडली नाही तर विद्यार्थ्याचे वर्षाचे पैसे अडकू शकतात. म्हणून अँटिव्हायरस कोणता घ्यावा या प्रश्नाचा पालकांनी स्वतः विचार करावा. दुकानदार देईल तो डबा घेऊन येणे पुरेसे नाही.

प्रथम रोग कोठून येतो ते पाहू. आपल्याकडे त्याचे नेहमीचे वाहन म्हणजे पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी तो लावला, की तेथील व्हायरस त्यावर बसून घरी येतो. मग सारे फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. दुसरे वाहन अधिक घातक आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते म्हणजे चोरीचे विंडोज व चोरीचे सॉफ्टवेअर. जुळणी करून घेतलेल्या स्वस्त संगणकात ते फुकट टाकून मिळते, आणि ते चालू करताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. पहारेकऱ्याला बाहेर पाठवून घरात घेतलेला पाहुणा कोण आहे, हे मग कोण सांगणार? अशा संगणकावर वर पैसे देऊन अँटिव्हायरस बसविणे हा माझ्या मते उलटा व्यवहार आहे.

अँटिव्हायरसचे काम दोन प्रकारे चालते. पोलीस ठाण्यात सराईत चोरांची छायाचित्रे लावलेली असतात, तशी त्याच्याजवळ ज्ञात व्हायरसच्या खुणांची यादी असते. प्रत्येक फाईल तो तिच्याशी ताडून पाहतो. परंतु नवा चोर यादीत नसतो. म्हणून एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाईली बदलू लागला, तर त्या वर्तनावरून संशय घेण्याचे दुसरे तंत्रही त्यात असते. दोन्ही कामांना ताजी माहिती लागते. इंटरनेट महिनोन्‌महिने न जोडलेल्या संगणकातील अँटिव्हायरस जुन्या फोटोंवरच पहारा करीत असतो.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करू लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी संगणकाचे शिक्षण घेऊन दुरुस्तीला आलेल्या संगणकांतील व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र अभिमान ही खरेदीची कसोटी होऊ शकत नाही.

आता निवडीकडे वळू. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. अधिकृत व अद्ययावत विंडोज असलेल्या सामान्य घराला तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विकतचा घ्यावयाचा असेल, तर जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांचे ताजे निकाल पाहावेत. पकडण्याच्या क्षमतेबरोबर संगणक किती मंदावतो, याचीही त्या चाचणी घेतात. कमी मेमरीच्या जुन्या यंत्राला हाच मुद्दा महत्त्वाचा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर विचारावा. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवू नयेत, ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. मुदत संपलेला असेल तर तो पूर्ण काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा सुरू झाला की नाही ते पाहावे.

फुकट मिळणाऱ्या इतर अँटिव्हायरसविषयी एक उदाहरण पुरेसे आहे. ग्राहकांची इंटरनेटवरील वावराची माहिती विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अवास्ट या प्रसिद्ध कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले.

अँटिव्हायरस कोणताही असो, विंडोजची दुरुस्ती वेळेवर घेतली नाही तर दार उघडेच राहते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा आपल्या संगणकात कोणते विंडोज आहे हे आधी तपासावे.

वाचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. आठवड्यातून एकदा कागदपत्रांची प्रत तिच्यावर काढून ती लगेच सोडवून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. व्हायरस शिरलाच असेल, तर भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून तो काढण्याची साधने मोफत उपलब्ध करून दिली आहेत. बँकेतून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे प्रत्येक तासाला किंमत असते.

अभ्यासिकेत किंवा वसतिगृहात एकच संगणक अनेकजण वापरत असतील, तर मुख्य पासवर्ड एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवून बाकीच्यांना साधे खाते द्यावे. साध्या खात्यातून बहुतेक सॉफ्टवेअर बसविताना तो पासवर्ड मागितला जातो, आणि अनेक उपद्रव तेथेच थांबतात.