धूर हुंगणारी यंत्रे आणि तिसरी तार

समजा, अमेरिकेतील एका घराच्या तळघरात रात्री जुनी गादी धुमसू लागली. तुम्ही वरच्या मजल्यावर झोपला आहात. वासाने जाग येईल या भरवशावर राहू नका. झोपेत नाकावर विसंबता येत नाही, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर माणसाला बेशुद्धच करतो. म्हणून तिकडच्या नव्या घरांत धूरसूचक यंत्रे विजेच्या तारांना कायमची जोडलेली असतात.

यंत्र निवडताना त्याच्या पोटात काय आहे ते पाहावे. एका प्रकारात अमेरिशियम-२४१ असते. त्यातून निघणारे अल्फा कण हवेचे आयनीभवन करतात व क्षीण प्रवाह वाहतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. भडकलेल्या ज्वाळांचा बारीक धूर याला लवकर कळतो. दुसऱ्या प्रकारातला प्रकाशझोत संवेदकाला चुकवून जातो; धुराने विखुरला तरच त्यावर पडतो. (कवडशातली धूळ आठवा!) आपल्या गादीचा जाड धूर यालाच आधी सापडेल.

पण तळघरातला भोंगा वर ऐकू येणार कसा? यंत्रांना दोन तारा वीज पुरवतात. तिसरी निरोप्याचे काम करते. एकाला धूर लागला की सगळी वाजतात! म्हणून प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एकेक हवे. चुलीजवळ मात्र नको. फोडणीलाही ते ओरडेल. जोडणी जाणत्या वायरमननेच करावी. आगीत वीज जाऊ शकते, तेव्हा आत बॅटरीही हवीच. दहा वर्षांनी यंत्र बदलावे; तारा त्याच चालतात.