सोपा पेपर, बिनकामाचा पेपर, मुंबईचा पेपर

सीईटीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "मॅडम, पोराला लॉला टाकायचं म्हणतोय. क्रिमिनल घ्यावं का सिव्हिल?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, पण एलएलबीला जाताना असं काही निवडायचं नसतं. पदवीनंतरची तीन वर्षं असोत की बारावीनंतरची पाच, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी बहुतेक विषय सगळ्यांना सक्तीचे केलेत. त्यात कौटुंबिक कायद्याचे दोन पेपर आहेत, कराराचे आहेत, कंपनी कायदा आहे आणि आंतरराष्ट्रीय कायदाही आहे. मी नांदेडला शिकले आणि लातूरला वकिली करते. माझ्याकडे येणारे ज्युनिअर या विषयांना काय म्हणतात ते मला पाठ झालंय. कौटुंबिक म्हणजे सोपा, आंतरराष्ट्रीय म्हणजे बिनकामाचा, कंपनी म्हणजे मुंबईचा. या समजुतींची किंमत परीक्षेत मोजावी लागत नाही, पक्षकाराला मोजावी लागते. ती कशी मोजावी लागते हे मी पाहिलंय, म्हणून हे लिहिते आहे.

कौटुंबिक कायदा सोपा वाटतो, कारण लग्न, सोडचिठ्ठी, वाटणी हे शब्द घरातलेच आहेत. म्हणून पोरं गाईड वाचून पेपर देतात आणि पासही होतात. निलंगा तालुक्यातल्या एका बाईंचं सांगते. लग्न १९८८ चं. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. तिथं कागद तयार करणाऱ्या एका तरुण वकिलाला त्यांनी विचारलं, "दादा, माझा हिस्सा असतोय का?" त्यानं सांगितलं, "ताई, तुमचं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, तुम्हाला हक्कच नाही. सही म्हणजे नुसती रीत." बाईंनी अंगठा लावला, फोटो निघाला, दस्त नोंदला गेला. भावांनी कार्यालयाबाहेर चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं.

त्या मुलानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यानं अर्धंच वाचलं होतं. महाराष्ट्रानं १९९४ साली स्वतःची दुरुस्ती करून मुलीला सहदायाद केलं आणि त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या, हे खरं. पण पुढं ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि तिच्यात लग्नाची ही अट नाही. मग ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे, २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. बाईंचं हक्कसोडपत्र त्यानंतरचं. गाईडची आवृत्ती जुनी निघाली आणि एका बाईचा हिस्सा सहीनिशी गेला.

आता तो दस्त रद्द करून घ्यायचा तर दावा, आणि दाव्याला मुदत असते. हकीकत कळल्यापासून तीन वर्षं. बाईंना गावातल्या बचत गटाच्या बैठकीत कळलं म्हणून दावा मुदतीत बसला. भावांच्या वकिलांनी कैफियतीत काय मांडावं? भारतीय करार कायदा, १८७२, कलम २१. कायद्याविषयीच्या गैरसमजामुळे करार रद्द करता येत नाही. आमचं म्हणणं असं की स्वतःच्या खासगी हक्काबद्दलचा गैरसमज हा वस्तुस्थितीचा गैरसमज असतो. दावा चालू आहे, त्यावर जास्त बोलत नाही. सांगायचं ते एवढंच की दावा बहिणीच्या वाटणीचा आहे आणि युक्तिवाद व्यापारी कायद्याच्या पहिल्या पेपरातला. अभ्यासक्रमात विषय वेगळे छापलेले असतात, पक्षकाराच्या पिशवीत ते एकत्र येतात.

आपल्या भागात तर या पेपराला आणखी एक पदर आहे, तो पुण्याच्या पुस्तकात सापडत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला तेव्हा नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. इथल्या वाटणीच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो, मूळ पुरुष छप्पनच्या आधी वारला की नंतर? त्याचं उत्तर शोधताना निजामकाळातले उर्दू कागद निघतात, खासरा पाहणीपत्रक निघतं, आणि जमिनीवर कूळ असेल तर हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५०. पश्चिम महाराष्ट्रात जो कूळकायदा शिकतात तो इथं लागू नाही. मुंबई-पुण्याहून शिकून आलेली हुशार मुलंसुद्धा इथं अडखळताना पाहिली आहेत. म्हणून सुट्टीत तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन एखादं जुनं फेरफार रजिस्टर वाचून या. उर्दू अंक आणि महिने ओळखता येण्याइतपत उर्दू शिकून घ्या. गावात वाचून दाखवणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

शिवाय हा पेपर म्हणजे फक्त हिंदू कायदा नव्हे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि मेहर, खुला, वारसांचे ठरीव हिस्से हे रोजचे प्रश्न आहेत. हा भाग पर्यायी प्रश्नात सोडून देणारी मुलं पुढं बऱ्याच पक्षकारांना उत्तर देऊ शकत नाहीत.

आता बिनकामाचा पेपर. देगलूरचा बाजार तेलंगणाला लागून, उदगीरहून बिदर जवळ. सोयरीक दोन्हीकडं होते आणि नवरा-बायकोचा खटला राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा तो हलवायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. ही झाली देशातल्या देशातली गोष्ट. त्याच्या पुढची गोष्ट अशी की आता आपल्या तालुक्यांतली मुलं इंजिनिअर होऊन अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या बायका कधी कधी माहेरी नांदेडला परत आलेल्या असतात.

अशीच एक मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे आली. मोबाईलवर अमेरिकेतल्या एका राज्याच्या न्यायालयाचे कागद ई-मेलनं आलेले. आधी घरच्यांनी पुण्यातल्या नात्यातल्या एका शिकलेल्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "पोच द्यायचीय फक्त, सही करून पाठवून दे." तिनं पाठवली. माझ्याकडे आली तेव्हा घटस्फोटाचा हुकूम झालेला होता आणि त्या सहीचा अर्थ तिनं तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं असा लावला जात होता.

सही केली नसती तर? परदेशातून भारतात समन्स बजावायला एक ठरलेली वाट आहे. १९६५ चा हेग करार भारतानं २००६ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे कागद केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यावे लागतात आणि थेट टपालानं बजावणीला भारतानं हरकत नोंदवलेली आहे. दुसरं, सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांचा परदेशी घटस्फोट आपल्या कायद्यातल्या कारणावर झालेला नसेल तर इथं मानला जाणार नाही. अपवाद आहेत, आणि त्यातला मोठा अपवाद म्हणजे समोरच्यानं स्वेच्छेनं त्या न्यायालयापुढे जाणं किंवा संमती देणं. मुलीची सही नेमकी तिथं आडवी आली. विद्यार्थ्यांना कलम १३ म्हटलं की हिंदू विवाह कायद्यातला घटस्फोट आठवतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतही कलम १३ आहे आणि परदेशी निकाल केव्हा मानायचा नाही ते त्यात सांगितलंय. दोन्ही तेरा शेजारी ठेवून शिका. आणि हेही सांगायला शिका की बायको जिथं राहते तिथं, म्हणजे नांदेडलाही, अर्ज करू शकते. ही सोय २००३ पासून आहे.

कुलभूषण जाधव यांच्या खटल्याबद्दल सगळे बोलतात. आपला मराठी माणूस, पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं फाशी सुनावलेली, आणि हेगच्या न्यायालयाचा १७ जुलै २०१९ चा निकाल. पण तो निकाल उभा होता १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या वकिलाती संपर्काच्या एका अनुच्छेदावर, छत्तीसाव्या. करार म्हणजे काय, राज्य त्याला कसं बांधलं जातं, न्यायालयाला अधिकार कुठून येतो, ही सगळी प्रकरणं विद्यार्थी 'ऑप्शनला' टाकतात. वर्गात हा एकच निकाल नीट शिकवला तरी निम्मा पेपर समजतो.

कंपनी कायदा मात्र खरोखरच आपल्या दारात आलाय. शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगावी उभ्या राहिल्या. किमान दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक असले की कंपनी होते. २००२ साली जुन्या कायद्यात ही तरतूद आली आणि २०२० च्या दुरुस्तीनं ती २०१३ च्या कंपनी कायद्यात आली. औसा तालुक्यातल्या अशाच एका कंपनीचे अध्यक्ष खताच्या गोणीतून कापून शिवलेली पिशवी घेऊन आले. वर चौकट करून लावलेलं नोंदणी प्रमाणपत्र, खाली इंग्रजी नोटिसांचे न फोडलेले लखोटे. सोयाबीनची चाळणी अनुदानात बसवण्यासाठी एका सल्लागारानं कंपनी काढून दिली, फी घेतली आणि पुढं फोन उचलला नाही. वार्षिक हिशेब आणि विवरणपत्र वर्षानुवर्षं भरलंच नव्हतं. एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क. दोन फॉर्मना वर्षाचा उशीर म्हणजे ७३ हजार. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालकपदच धोक्यात, आणि हे संचालक म्हणजे पाच-सहा एकरवाले शेतकरी. ते आधी एका वकिलाकडे गेले, तो म्हणाला हे सीएचं काम. सीएनं नोटीस बघून वकिलाकडे पाठवलं. दोघांच्या मधल्या रस्त्यात दिवस गेले आणि आकडा वाढत राहिला. "बाई, कंपनी काढली ती गावाच्या भल्यासाठी. आता घरावर येतंय का हो हे?" असं ते विचारत होते तेव्हा त्यांचे हात टेबलावर थरथरत होते. दीडशे किलोमीटरच्या टापूत या विषयाचा जाणकार वकील सांगा म्हटलं तर मला पटकन दोन नावं आठवत नाहीत. तरुण वकिलासाठी इथं मोठं काम पडलेलं आहे.

व्यापारी कायद्याचंही तसंच. आडत बाजारात धनादेश रोज परत येतात. त्याचं वेळापत्रक मात्र तोंडपाठ हवं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस वाट, मग एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला झालेला उशीर कारण दिलं तर माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही. मात्र धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा वटवायला टाकता येतो आणि पुन्हा परत आल्यावर नव्यानं नोटीस देता येते. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे तसा. हे माहीत नसलेला वकील पक्षकाराला 'आता काही होत नाही' म्हणून परत पाठवतो.

आता कॉलेजबद्दल. नांदेडला नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे, लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आहे, दोन्ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत. छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथं क्लॅटमधून जावं लागतं आणि फीही बरीच असते. कुठंही जा, पण प्रवेशाआधी तिथं शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना भेटा आणि विचारा, तास होतात का? "नोकरी करा, फक्त परीक्षेला या" असं जिथं सांगतील तिथून उठून या. ७० टक्के हजेरीचा नियम तुमच्या भल्याचा आहे. मूट कोर्ट, मसुदालेखन आणि न्यायालयातल्या भेटींची जर्नल पोरं एकमेकांची उतरवून काढतात. त्याच पेपरांतून दावा लिहायला शिकायचं असतं.

पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. तिच्या शंभर प्रश्नांत कौटुंबिक कायद्याला ८, कंपनी कायद्याला २ आणि आंतरराष्ट्रीय कायद्याला एकही नाही, असं बघून क्लासवाले शेवटचे दोन विषय सोडायला सांगतात. परीक्षेपुरतं त्यांचं गणित बरोबर आहे. औशाच्या अध्यक्षांची पिशवी मात्र त्या दोन प्रश्नांतली होती. परीक्षेत टीप नसलेला मूळ कायदा नेता येतो, म्हणून पहिल्या वर्षापासून गाईडऐवजी तेच पुस्तक हातात ठेवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. तालुक्याच्या न्यायालयात मराठीत बोलाल, पण अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात इंग्रजीत लिहावं लागेल.

सनदेच्या वेळी जास्त पैसे कुणी मागितले तर ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. आणि ज्यांना न्यायाधीश व्हायचंय, आपल्याकडं ते बरेच आहेत, त्यांना २० मे २०२५ च्या निकालानं आता तीन वर्षं वकिली करावी लागते. ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, म्हणून निकाल लागताच नोंदणी करा. आणि ती तीन वर्षं अशा सिनिअरकडे काढा ज्यांच्या टेबलावर वाटणीचा दावा, परत आलेला धनादेश आणि कंपनीची नोटीस तिन्ही येतात. तिथं पहिले सहा महिने फक्त तारखा लिहायला मिळाल्या तरी चालेल.