इंधननळीचा जोड आणि त्याची किल्ली

मोटारीच्या टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीचे जोड कधी ना कधी सोडवावेच लागतात. पेट्रोल गाळणारा फिल्टर बदलायचा असेल, तर ते अटळच असते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम सोपे होते. पंपाचा दाब चौरस इंचाला साधारणपणे ४ ते ७ पौंड असे. रबरी नळी तोटीवर चढवून तिच्यावर क्लिप आवळली की भागे. पुढे कार्ब्युरेटरची जागा इंजेक्टरने घेतली आणि नळीतील दाब सामान्यतः ३५ ते ६० पौंडांवर गेला. इंजिन बंद केल्यावरही हा दाब बराच वेळ टिकून राहतो. त्यामुळे हाताने झटकन बसेल, पण आपोआप कधीही सुटणार नाही, अशा जोडाची गरज निर्माण झाली.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकात वापरात आणलेला जोड हे त्याचे एक उदाहरण होय. त्यातील एका नळीच्या टोकाशी छोटा पिंजरा असून त्यात वेटोळ्या तारेची गोल स्प्रिंग बसविलेली असते. दुसऱ्या नळीचे पसरट तोंड आत सरकले की स्प्रिंग त्याच्या मागे येऊन बसते आणि त्याला अडवून धरते. गळती थांबविण्याचे काम मात्र आतील रबरी कडी करतात. दुसऱ्या प्रकारच्या जोडात स्प्रिंगऐवजी आतील लवचिक पाकळ्या नळीवरील उंचवट्याला पकडतात.

हे जोड सोडविणारे हत्यार दिसायला अगदी साधे असते: नळीभोवती बसणारे, एका बाजूने उघडे असलेले कडे. ते जोडात दाबले असता स्प्रिंग फाकते किंवा पाकळ्या बाजूला सरतात आणि नळी सहज बाहेर येते. नळीच्या जाडीप्रमाणे कड्याचे माप बदलते. ५/१६ आणि ३/८ इंच ही मापे नेहमीची आहेत. पक्कड लावून ओढाताण केल्यास पाकळ्या तुटतात आणि पुन्हा बसविलेला जोड दगा देतो.

तथापि हे हत्यार कुलूप उघडते, दाब उतरवीत नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकते. मग तापलेल्या इंजिनावर उडालेल्या फवाऱ्याचा धोका वेगळा सांगावयास नको. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, ते थंड होऊ द्यावे, बॅटरीची ऋण तार सोडावी आणि जोडाभोवती फडके धरून मगच कडे दाबावे. पुन्हा जोडताना ‘टक्’ असा आवाज आला, तरी नळी एकदा ओढून पाहावी. शेवटी फ्यूज व तार पूर्ववत करून, इंजिन सुरू न करता, केवळ चावी फिरवून पंपाला दाब भरू द्यावा आणि जोड कोरडा असल्याची खात्री करून घ्यावी.