पन्नासची चाल : मोटर, वीजजाळे आणि आपण



‘व्होल्टेज पडलंय’ हे आपण रोज म्हणतो. पण विजेची चाल मंदावली, असे कोणी म्हणत नाही. मोटर मात्र त्या चालीवरच फिरते. म्हणून हा पाठ.

चाल म्हणजे काय? आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावा पुरा करते. याला वारंवारता किंवा फ्रिक्वेन्सी म्हणतात. माप हर्ट्‌झ, जुने वायरमन ‘सायकल’ म्हणत. ५० हर्ट्‌झवर चार पोलच्या मोटरीतील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या किंचित मागे धावते. फ्रिक्वेन्सी ४८.५ झाली की फेरे १,४५५ होतात. घट तीनच टक्के. पण पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सुमारे सहा टक्के. पन्नास मीटर पाणी चढवणारा पंप सत्तेचाळीसवर येतो. उपसा योजनेच्या टोकाला बसलेल्या सभासदाला हे तीन मीटर चांगलेच कळतात! शिवाय व्होल्टेज तेवढेच राहून चाल उतरली, तर मोटर जादा करंट ओढून तापू लागते.

अमेरिकेत ६० हर्ट्‌झ आहे. तिकडची मोटर इथे लावली तर ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल.

मग चाल उतरते का? सहा बैली नांगर आठवा. सगळ्या बैलांची चाल एकच. जमीन जड लागली की सगळेच मंदावतात. एक जोडी सुटली तर बाकीच्यांवर ओढ येते. वीजजाळ्यातील जनित्रे अशीच एका जुवाला जुंपलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ के.व्ही. वाहिनी जोडली गेली आणि सबंध देशाचे जाळे एका चालीचे झाले. आज ही चाल ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राखायची, असा नियम आहे. आपल्या राज्यात भार आणि निर्मिती यांचा मेळ घालण्याचे काम ठाण्याजवळचे कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते.

मेळ चुकला तर काय होते? १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, डोंबिवली-कल्याणकडच्या नोकरदारांचे हाल झाले. आपल्यापैकी कित्येकांची मुले तिकडेच आहेत. भिवंडी तालुक्यातील पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या ४०० के.व्ही. वाहिन्या बंद पडल्या होत्या. बाहेरची वीज तुटली आणि आतल्या निर्मितीला भार पेलेना. अशा वेळी चाल झपाट्याने घसरते आणि उरलेले संच स्वतःला वाचवण्यासाठी सुटे होतात. म्हणूनच चाल घसरताच काही फीडर आपोआप तोडले जातात. तो आपल्यावर राग नव्हे; जुवाखालचा भार हलका करणे होय.

आपल्या कारखान्याचे सहवीज जनित्रही हंगामात याच जुवाला जुंपले जाते. जोडण्याआधी व्होल्टेज, चाल आणि हेलकाव्याची वेळ जुळवावीच लागते. न जुळवता जोडले, तर जबर झटका बसून शाफ्ट आणि वाइंडिंग धोक्यात येते. बगॅसच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून कामगार तिथे घाई करीत नाहीत.

सभासदांनी एवढे करावे :

१. ऑटोस्विच काढावा. वीज येताच शिवारातले सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते.

२. मोटरीला योग्य कपॅसिटर लावावा.

३. मोटर घेताना पाटीवर ‘५० हर्ट्‌झ’ पाहावे.

४. पाणी कमी चढले तर आधी व्होल्टेज मोजावे. व्होल्टेजचे दुखणे बहुधा आपल्याच डीपीचे असते. चालीचे सगळ्या देशाचे.

सहकारात एकाने ओढ सोडली तर दुसऱ्याच्या खांद्यावर येते. विजेचा कायदा वेगळा नाही.