नाणं शंभराचं, वरखर्च वेगळा

जुन्या अमेरिकी चांदीच्या नाण्यांचा विषय निघाला की 1794 च्या डॉलरचं नाव येतंच. त्यातला एक 2013 मध्ये लिलावात 1 कोटी डॉलरच्या वर गेला. तो सोडा. खिशाला झेपेल असा आहे ‘कॅप्ड बस्ट’ अर्धा डॉलर, 1807 ते 1836 दरम्यान फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेला. बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्याने बरेच फारसे झिजले नाहीत. 1827 सारख्या सालातलं, अक्षरं नीट वाचता येणारं नाणं साधारण 100 ते 150 डॉलरला मिळतं.

खरी गंमत ठशांची. तारे, अंक, अक्षरं कारागीर ठशावर एकेक ठोकत, म्हणून दोन ठसे तंतोतंत जुळत नाहीत. 1807 च्या एका ठशावर ‘50’ ऐवजी चुकून ‘20’ ठोकलं गेलं. त्यावरच 50 चढवलं, पण भिंगाखाली 5 च्या आडून 2 अजून डोकावतो. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या ठशांच्या साडेचारशेच्या आसपास जोड्यांना ओव्हरटन यांच्या पुस्तकात क्रमांक आहेत. पहिला खर्च या पुस्तकाचा. मग दहापट भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. दोन्ही मिळून चाळीसेक डॉलर. मूळ वजन 13.48 ग्रॅम. झीज धरूनही फारच हलकं भरलं, किंवा कडेवरची अक्षरं गायब असली, तर हात आखडता घ्या.

लिलावात 100 ला सुटलेलं नाणं घरी येईस्तोवर सव्वाशेच्या पुढे जातं: वीस टक्क्यांच्या आसपास खरेदीदाराचं कमिशन, वर टपाल आणि विमा. एवढ्याशा किमतीच्या नाण्याचं ग्रेडिंग, म्हणजे दर्जा ठरवून डबीत सीलबंद करून घेणं, मला तरी उधळपट्टी वाटते. त्यापेक्षा आधीच डबीबंद झालेलं घ्या. पुष्कळ डब्यांवर ओव्हरटन क्रमांक नसतो आणि अभ्यासूचं फावतं ते तिथेच.

ठशांच्या जोड्यांच्या दुर्मिळतेची पट्टी आर-1 ते आर-8. आर-4 ऐकून हुरळू नका, त्याला जास्तीचे पैसे क्वचितच मिळतात. फरक पडतो तो आर-5 पासून.

आणि दिवाळीत चांदीची भांडी टूथपेस्टने घासणारा हात इथे आवरा. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्यावर येऊ शकते. विकत घेतानाही दिव्याखाली तिरकं फिरवून बघा: न घासलेल्या, कमी झिजलेल्या नाण्यावर चमक चाकासारखी फिरते, घासलेल्यावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात.